जर्मन, जपान आणि रोजचा घास

आमच्या समोरच्या घरात बँकेतले एक साहेब भाड्यानं राहायला आलेत. दारात गाय नाही, म्हैस नाही, उंबऱ्यावर साधं मांजर नाही, पण घरात दोन गिनीपिग आहेत. ती जाळीच्या घरात राहतात, थंडीत त्यांच्यावर शाल घालतात, आणि त्यांचा वाढदिवसही करतात म्हणे. त्या घरच्या बाईंनी मागं मला रस्त्यात गाठलं. आजोबा, तुम्ही गुरांच्या दवाखान्यात होता ना, मग आमच्या पिंकीला दाखवायला एखादा चांगला डॉक्टर सांगा ना, म्हणाल्या. मी म्हटलं, बसा कट्ट्यावर, सांगतो. तर त्यांची स्कूटर चालू होती, पेट्रोल जळत होतं. एका वाक्यात सांगा, म्हणाल्या.

एका वाक्यात सांगता आलं असतं तर मी मास्तर झालो असतो. नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून या अंकाचे संपादक माझ्यामागं लागलेच होते, म्हणून ते वाक्य इथं लिहितो. जरा लांबलंय. अंक त्या बाईंच्या घरी येतो, चहाच्या स्टुलावर पडलेला मला खिडकीतून दिसतो. वाचतील कधीतरी, स्कूटर पंक्चर झाल्यावर. माझं शिक्षण मराठी तिसरी. तीही मास्तर आणि मी, दोघांनी एकमेकांवर उपकार म्हणून कशीबशी संपवली. तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी बघावं. खरंखोटं मी बघतो.

ज्यांनी गुरांचा दवाखाना फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलाय, त्यांना आधी धंदा सांगितला पाहिजे. मी ड्रेसर होतो. लोक डरेसर म्हणायचे, आणि तेच बरोबर होतं, कारण पहिली दोन वर्षं मी नुसता डरलेलाच होतो. डॉक्टर म्हणजे रोगाचं नाव इंग्रजीत सांगणारा माणूस. डरेसर म्हणजे रोग जनावराच्या ज्या टोकाला असेल त्या टोकाला उभा राहणारा माणूस. दवाखान्याच्या अंगणात चार जाड खांबांचा खोडा असायचा. त्यात बैल उभा करायचा, आडव्या दांड्या घालायच्या, दोर आवळायचे, आणि मग साहेबांना आत जाऊन सांगायचं, या, तयार आहे. साहेब यायचे, लांबून बघायचे, आणि म्हणायचे, हं. त्या 'हं'चा पगार त्यांना होता. औषध पाजायला बांबूचं नळकांडं. एका हातानं बैलाची जीभ बाजूला धरायची, दुसऱ्या हातानं नळकांडं घशापर्यंत घालायचं. अर्धं औषध बैलाच्या पोटात आणि अर्धं माझ्या सदऱ्यावर, हे प्रमाण निवृत्त होईपर्यंत मी सांभाळलं.

आणि गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. बुळकांडीची लस टोचायला आम्ही गावात निघालो, की आमच्या आधी बातमी पोचायची आणि अख्खं गाव गुरं घेऊन डोंगराला जायचं. आम्ही रिकाम्या दावणींना नमस्कार करून परत यायचो. पुढं रोग यायचा, गुरं जायची, आणि तीच माणसं दवाखान्याच्या दारात उभी राहून विचारायची, सरकार तुमास्नी पोसतं कशाला. 

तर गिनीपिग.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी कोरेगावच्या दवाखान्यात होतो. बाजारचा दिवस, उन्हाळा, अंगणात म्हशी, बैल आणि त्यांच्यापेक्षा जास्त माणसं. इतक्यात एक बैलगाडी आली आणि तिच्यातून दोन बायका उतरल्या. एक म्हातारी, पुढं पुढं. तिच्यामागं तिची सून, काखेत बुट्टी, बुट्टीवर झाकलेला खाकी सदरा. माणसं ओळखीची होती. गावाच्या शिवेवर त्यांची विहीर, ऊस, माळवं. म्हातारीचा मुलगा पलटणीत हवालदार. सुनेचं नाव सगुणा, माहेर पलूसकडचं.

मी विचारलं, काय झालंय. सगुणानं बुट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, "डरेसरदादा, जर्मन पार पडलाय बगा. आन् जपानचं मागलं पाय गेल्यात."

माझ्यामागं एक मिरचीवाला म्हशीला धरून उभा होता. त्यानं पुढचं ऐकलंच नाही. म्हैस खांबाला बांधून जो पळाला तो थेट बाजारात. तासाभरात शाळेचे हेडमास्तर धोतर सावरत आमच्याकडं आले आणि कुठल्या रेडिओवर लागलं म्हणून विचारायला लागले. लढाई संपायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण कोरेगावच्या बाजारात ती त्या दिवशी एकदा संपून गेली. लोकांनी गूळसुद्धा वाटला म्हणतात. मला नाही मिळाला.

मी खाकी सदरा उचलला. आत दोन जनावरं. सशापेक्षा लहान, उंदरापेक्षा मोठी, शेपूट नाही, कान चुरगळलेले. एक तांबडं, एक पांढरं-काळं. हात लावला की किंचाळायची. खरं सांगतो, मी असलं जनावर जन्मात बघितलं नव्हतं. पण डरेसरनं तसं तोंडावर दाखवायचं नसतं. मी गंभीरपणे मान हलवली आणि साहेबांना बोलावलं.

तोवर सगुणानं सगळं सांगितलं. हवालदार पुण्याकडं लष्करी इस्पितळात कामाला होता. तिथं औषधं करून बघायला ही जनावरं पाळायचे. त्याची पलटण बोटीवर चढवायचा हुकूम निघाला, तेव्हा उरलेली दोन त्यानं साहेबाकडून मागून घेतली, रजेवर येताना घरी आणली आणि म्हाताऱ्या आईला सांगितलं, विलायती ससे आहेत. जर्मन आणि जपान ही नावंही त्यानंच ठेवली. जाताना बायकोला म्हणाला, "ही दोगं जगव. ही जगली तर मी बी जगलो समज."

आता हे तो थट्टेत बोलला असणार. पण थट्टा करणारा बोटीत बसून गेला आणि ऐकणारी मागं राहिली. पावसाळ्यापासून त्याची काही खबर नव्हती. आणि आता जर्मन पडलेला, जपानचे पाय गेलेले. सगुणा रडत नव्हती, पण तो खाकी सदरा तिनं माझ्या हातातून परत घेतला तो धुऊन पिळल्यासारखा धरून ठेवला.

आमचे डॉक्टरसाहेब मराठीच, पण वाढलेले इंदुराकडं. "पाणी पिऊन घ्या", "बसून जा" असं बोलायचे. माणूस वाईट नव्हता. पुस्तकं वाचायचा, एवढंच. त्यांनी बुट्टीत बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, नोकरीत पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या पुस्तकातलं जनावर भेटलं. आत जाऊन जाडं पुस्तक घेऊन आले. जर्मनचं तोंड उघडून बघितलं, हिरड्यांतून रक्त येत होतं. गुडघे सुजलेले. मग पुस्तकात बोट ठेवून विचारलं, "यांना खायला काय देता?"

"घास," सगुणा म्हणाली.

"घास? वा. ताजा असतो?"

"ताजाच की. शिळा कशापायी दीन?"

"रोज?"

"रोज दोनदा. ते सांगूनशान गेल्यात, रोज घास द्यायचा. आदी त्यास्नी देती, मग मी जेवती."

"छान. मग खाण्यात दोष नाही," साहेब म्हणाले आणि पुस्तकाचं ते पान त्यांनी उलटलं. पुढच्या पानावर वाताचे विकार होते. त्यातला एक त्यांना पसंत पडला. पायांना चोळायला तेल आणि पोटात द्यायला पांढरी पूड दिली आणि ते हात धुवायला निघाले.

म्हातारीनं त्यांना अडवलं. "आवं सायेब, ह्ये हायती तरी काय? माझा ल्योक इलायती ससं म्हणाला."

"ससा नाही बाई. गिनीपिग." एवढं बोलून साहेब आत गेले.

म्हातारी माझ्याकडं वळली. "म्हंजे रं काय?"

आता इथं मला काही लोक दोष देतात, म्हणून सविस्तर लिहितो. मी आधी पाचगणीला होतो. तिथं एका गोऱ्या साहेबाच्या डुकरांना औषध पाजून पाजून माझं इंग्रजी बऱ्यापैकी झालेलं होतं. समोर आठ-दहा माणसं ऐकत उभी. म्हातारी विचारतेय, साहेब आत गेलेत, आणि उत्तर मला येतंय. मी म्हटलं, "गिनी म्हणजे सोन्याचं नाणं. पिग म्हणजे डुक्कर."

मी काय खोटं सांगितलं? आजही कुणालाही विचारा. पिग म्हणजे डुक्करच.

म्हातारीनं सोन्याचा भाग ऐकलाच नाही. तिच्या घरात म्हसवडच्या सिद्धनाथाचा देव्हारा होता, आणि उन्हाळा लागल्यापासून त्याच्या खाली ही बुट्टी राहायची, थंडावा म्हणून. ती मटकन खाली बसली. "डुक्कर? म्हैना झाला माज्या देवाम्होरं डुक्कर? आन् ही भवानी आपल्या ताटातला घास त्यास्नी भरवती?"

ह्या वाक्यात काय होतं ते पुढं कळेल. पण साहेब आत साबण शोधत होते, आणि मला त्या वाक्यात काही खटकलं नाही. घास म्हणजे ताटातलाच असतो, ह्यात खटकायचं काय?

जर्मन-जपानना घराचा उंबरा बंद झाला. सगुणानं हातापाया पडून त्यांना गोठ्यात ठेवायची परवानगी मिळवली. औषध पाजायला मी जात होतो, आणि त्याची मजा वेगळीच. आयुष्यभर बैलांना पाजलेला माणूस मी. माझं नळकांडं त्या जनावराएवढं. जीभ धरू म्हटलं तर बोट तोंडात जात नव्हतं. शेवटी सगुणानंच कापसाची वात करून पूड कालवलेलं पाणी थेंब थेंब सोडलं, आणि मी शेजारी बसून "हं" म्हणालो. माझ्या नोकरीतलं ते एकच बढतीचं काम.

गुण काही नाही. साहेबांनी पूड बदलली, मग तेल बदललं, मग पुस्तक बदललं. जर्मन मान टाकायला लागला. येणारा जाणारा गोठ्यात डोकावून फुकट उपाय सांगायचा. कुणी म्हणे डाग द्या, कुणी म्हणे ताक पाजा, एकानं तर खोबरेल तेलात गंधक कालवून शेपटीला लावा असं सांगितलं. मी त्याला शेपूट शोधायला बसवलं.

एक दिवस सगुणा मला म्हणाली, "दादा, तुमच्यानं हुतंय का न्हाई, तेवडं सांगा. न्हाईतर दुसरीकडं न्हीन."

माझ्या तोंडावर असं कुणी बोललेलं मला चालत नसे. मी म्हटलं, सांगलीत घोड्यांचे एक नावाजलेले डॉक्टर आहेत, कुठल्याशा पागेवर. माझी बहीण सांगलीत आहे, मला जायचंच आहे. मी दाखवून आणतो. तिनं खाकी सदरा नीट झाकला. मग बुट्टी माझ्या हातात देऊन म्हणाली, "जित्ती आणा."

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात मी बुट्टी मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक गुळाचा व्यापारी, समोर लग्नाला निघालेलं एक वऱ्हाड, खाली पाय ठेवायला जागा नाही. व्यापाऱ्याला बुट्टीत काय आहे त्याची फार काळजी. कोंबडी आहे का, नाही. ससा आहे का, नाही. मग काय आहे. आधी एकदा डुक्कर म्हणून काय झालं होतं ते आठवून मी गप्प बसलो. तर त्यानं सदऱ्याचा कोपरा उचलून स्वतःच बघितलं. आत दोन जीव, मान टाकलेले, तोंडाला रक्त.

"उंदरं," तो म्हणाला. "मेलेली उंदरं."

आजच्या वाचकाला यात काय घाबरण्यासारखं आहे ते कळायचं नाही. पण त्या वेळी ज्या घरात उंदीर पडला ते घर सोडून माणसं रानात झोपड्या घालायची. प्लेग बघितलेली माणसं होती ती. व्यापाऱ्यानं पिशवी उचलली, वऱ्हाडानं नवरा उचलला, आणि पुढच्या स्टेशनला सगळा डबा रिकामा झाला. लढाईच्या दिवसांत, तिसऱ्या वर्गात, मिरजेपर्यंत पाय पसरून झोपत गेलेला माणूस मी एकटाच असेन. मिरजेला गाडी बदलताना हमाल पण जवळ आला नाही, पण ते एरवीही येत नसत.

सांगलीचे डॉक्टर म्हणजे रुबाबदार माणूस. पायात चामडी बूट, हातात छडी, अंगाला घोड्यांचा वास. त्यांनी बुट्टीत बघितलं आणि मला विचारलं, "ही तुम्ही पाळता?"

मी म्हटलं, व्हय.

"अहो, ही जनावरं मरण्यासाठीच पाळतात. इतके दिवस जगली म्हणजे कुणीतरी कामात हयगय केलीय."

तरी त्यांनी पाय चाचपून बघितले. खायला काय देता, विचारलं. मी सगुणाचंच उत्तर दिलं, रोज दोनदा ताजा घास. "आमच्या घोड्यांनाही घासच असतो," ते म्हणाले, "त्याहून चांगलं खाणं नाही." मला वाटलं, असेल बाबा. मोठ्या घरचे घोडे, पाटावर बसून जेवत असतील.

मग म्हणाले, पाय गेलेत, तोंड गेलंय, घोडा असता तर एव्हाना गोळी घातली असती. क्लोरोफॉर्म आहे, चटकन काम होईल.

मी म्हटलं, "साहेब, बाईनं जित्ती आणा म्हणून सांगितलंय."

"मग इकडं कशाला आणलीत?"

"बरी करायला."

"दोन्ही एकदम मागू नका," ते म्हणाले आणि घोड्याकडं वळले.

तुम्ही म्हणाल, शिकलेला माणूस सांगत होता, ऐकायला हवं होतं. जनावर तळमळत होतं हे मलाही दिसत होतं, आणि तळमळणाऱ्या बैलाला मोकळं करायचं काम मी पुष्कळदा केलेलं आहे. पण मी हट्टी. जित्ती न्यायची म्हणजे जित्ती न्यायची. सदरा झाकला, बुट्टी उचलली आणि परतीच्या गाडीत मुद्दाम सदऱ्याचा कोपरा जरा उघडा ठेवला. पुन्हा झोपत आलो.

कोरेगावला आलो तर नवीनच भानगड. मी नव्हतो तेवढ्यात म्हातारीच्या बैलानं वैरण सोडली होती. उन्हाळ्यात बैल सोडतो कधी वैरण, पण म्हातारीनं निकाल दिला, डुकराचा वारा लागला. आता गोठाही बंद. सगुणा दारात उभी राहून म्हणाली, आत्याबाई, ही मेली तर काय हुईल तुमास्नी ठावं न्हाई. म्हातारी म्हणाली, "मला समदं ठावं हाय. मेली तर मळ्यात मरू दे, माज्या घरात नगं."

मळ्यात कुंपण असलेली जागा एकच होती. विहिरीजवळचं माळवं. शेळ्या शिरू नयेत म्हणून त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. आत कोथिंबीर, मेथी, चाकवत. सगुणानं आंब्याच्या सावलीत, कोथिंबिरीच्या वाफ्याच्या कडेला पोतं अंथरलं आणि त्यावर दोघांना ठेवलं. वर मोडका पाळणा उपडा घातला, घारींसाठी. कोथिंबीर पाळण्याच्या आत आली, तिला काय करणार. मी घरी जाऊन आंघोळ केली आणि बायकोला सांगितलं, दोन दिवसांचे सोबती आहेत.

मी मुद्दाम तिकडं फिरकलो नाही. कुणाच्या मरणाची खबर ऐकायला घाई कशाला करावी? साहेबांनाही सांगितलं, सांगलीनं हात टेकले. साहेब हळहळले आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

मग पुढच्या बाजारच्या दिवशी म्हातारी दवाखान्यात आली. एकटीच, गाडी न घेता, उन्हाची. मला वाटलं, सुटलं बिचारं. म्हातारी म्हणाली, "चल मळ्यात. ह्या डुकरांचा बंदूबस्त कर."

मी विचारलं, गेली का?

"जात्यात कशाची. माजा समदा वाफा खाल्ला त्येनी."

मी गेलो. पाळणा उलथलेला. कोथिंबीर अशी कापलेली, की न्हाव्याला जमणार नाही. मेथीवर काम चालू होतं. जर्मन कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळत होता आणि जपान त्याच्यामागं, त्याच मागच्या पायांवर. सगुणा वाफ्यात बसलेली होती. माझ्याकडं बघून हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. किती तरी वेळ काढला नाही.

म्हातारी कडेला उभी राहून ओरडत होती, पण तिच्या ओच्यात मेथीची जुडी होती, आणि जपान जवळ आला की ती हळूच एक काडी खाली टाकायची. सिद्धनाथाला तिनं म्हणे गुलाल-खोबरं बोललेलं होतं. डुकरांसाठी नव्हे, सुनेचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं म्हणून. त्यामुळं गुण सिद्धनाथाचा, हे तिच्यापुरतं पक्कं झालं. डॉक्टरसाहेबांना कळलं तेव्हा त्यांनी पुस्तक पुन्हा बाहेर काढलं आणि शेवटची पूड उशिरा लागू पडते असं मला वाचून दाखवलं. सांगलीच्या डॉक्टरांना कुणी कळवलं नाही, नाहीतर त्यांनी हात लावल्याचा गुण लागला असता.

आणि माझं म्हणाल तर माझा हिशेब सरळ होता. मी पिग म्हणजे डुक्कर हे खरं सांगितलं नसतं, तर ती बुट्टी देव्हाऱ्याखालीच राहिली असती. त्या जनावरांना बाहेर काढलं माझ्या इंग्रजीनं. हवापालटानं बरी झाली असं तेव्हा माझं मत होतं. हवापालट श्रीमंतांना लागू पडतो, मग डुकरांना का पडू नये?

लढाई संपली. खरी संपली तेव्हा बाजारात कुणी विश्वास ठेवला नाही, कारण एकदा फसलेले होते. सहा महिन्यांनी हवालदार घरी आला, बारीक झालेला, रंग उतरलेला, पण दोन हात दोन पाय जागच्या जागी. त्यानं मला जेवायला बोलावलं. जर्मन-जपानला बरं करणारा डरेसर बघायचाय, म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. कुणी बोलावलं तर जावं, आणि मटण असेल तर लवकर जावं.

पंगतीला आम्ही दोघं. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. सगुणा वाढत होती. मळ्यात तोवर जर्मन-जपानची प्रजा झाली होती, आणि म्हातारी त्यांना डुकऱ्या म्हणून हाका मारायची, पण उंबरा ओलांडू देत नव्हती. मी हवालदाराला सगळी हकिगत सांगितली, पूड, तेल, रेल्वेचा डबा, क्लोरोफॉर्म. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा हात ताटात थांबला.

"हिरड्यांतनं रगात?" त्यानं विचारलं. "गुडगं सुजलं?" मी म्हटलं, व्हय. "आवं, ते तर हिरवं न्हाई मिळालं की हुतंय. आमच्या इस्पितळात शिपायाला बी ठावं हुतं." मग तो सगुणाकडं वळला. "मी तुला सांगून गेलतो की. रोज घास घाल म्हणून."

"घातला की," सगुणा म्हणाली. "एक दिस चुकला न्हाई. पैला घास त्यास्नी, मग मी."

"कसला घास?"

"भाकरीचा. दुसरा कसला असतोय?"

हवालदारानं कपाळाला हात लावला. "आगं, घास म्हंजे गवत. हिरवं गवत. पलटणीत समदी गवताला घासच म्हंत्यात."

"ही पलटण हाय व्हय?" सगुणा म्हणाली.

 मला तेव्हा कुठं इंदूरच्या साहेबांचं 'ताजा असतो?' आठवलं आणि सांगलीचे पाटावर बसून जेवणारे घोडे आठवले. एकच शब्द सगळ्यांनी आपापल्या परीनं बरोबर ऐकला होता. आणि ही बाई, नवरा जगावा म्हणून, उन्हाळाभर स्वतःच्या तोंडातला पहिला घास काढून त्या जनावरांना उपाशी मारत होती. ऊन तापेपर्यंत ती जनावरं परड्यात चरायची म्हणून जगली. उन्हाळ्यात हिच्या मायेनं आत कोंडली गेली.

सगुणानं हातातली परडी खाली ठेवली आणि ती मागच्या दारानं मळ्याकडं गेली. हवालदार उठायला लागला, तर म्हातारीनं त्याला डोळ्यांनी खाली बसवलं. सगुणा परत आली तेव्हा तिच्या मुठीत बांधावरचं हिरवंगार गवत होतं, मुळासकट, मातीसकट. तिनं हवालदाराच्या ताटातली भाकरी उचलली आणि तिच्या जागी ते गवत नीट मांडून ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "ताजा घास."

बोटीतून लढाईवर जाऊन जिवंत परत आलेला माणूस तो. त्यानं ताटाकडं बघितलं, मग आईकडं बघितलं.

"खा की रं," म्हातारी म्हणाली. "डुकरं बरी झाली त्येनं."

मी माझं ताट तेवढं हळूच माझ्याकडं ओढून घेतलं.